शुक्रवारी वळणारे हात

माझ्या पायांच्या बोटांत चिखल्या झाल्या होत्या आणि ते पाय धुतलेलं पाणी लोक पीत होते.

वाढवून सांगत नाही. पितळेच्या परातीत पाय ठेवून मी पाटावर बसायची. येणारा तांब्याभर पाणी ओतायचा, हळद टाकायचा, कुंकू टाकायचा आणि मग त्याच परातीतून ओंजळ भरून घ्यायचा. सकाळपासून दुपारपर्यंत पाय पाण्यात. बोटांमधली कातडी पांढरी होऊन सुटलेली. नासलेल्या ताकासारखा वास यायचा. मला यायचा, तर त्यांना येत नसेल? एकदा एका बाईच्या ओंजळीत माझ्या कातडीचा पापुद्रा गेला. तिनं तो दुधातला केस काढावा तसा चिमटीनं काढला आणि उरलेलं पाणी डोळे मिटून पिऊन टाकलं.

"आत्या, मला मळमळतंय," मी सासूला म्हणाले होते.

"पिणारे ते. तुला मळमळायला काय झालं?" सोजरबाई म्हणाली. "पाय परातीत ठिव."

मी अनसा. मुंजाजी रेंगेची बायको, सोजरबाईची सून. परभणीच्या अंगाला, तालुक्यापासून पंधरा किलोमीटर आत आमचं गाव. गावाची देवी लिंबाई. म्हणजे लिंबाखाली शेंदूर फासलेला दगड आणि त्याला डकवलेले दोन पितळी हात. अंगठा तळव्यात मुडपलेला, चार बोटं ताठ आणि एकमेकांना चिकटलेली, मनगट आत वाकलेलं. ते हात कुणी घडवले, असे का घडवले, कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हा दीड वर्ष दर शुक्रवारी माझे हात अगदी तसेच व्हायचे. गावाला एवढा पुरावा पुष्कळ झाला.

त्याच्या आधी माझ्या गळ्यात गाठ होती, लिंबाएवढी. मोठ्या दवाखान्यात जाऊन ती काढली. गळ्यावर या कानाखालून त्या बाजूपर्यंत व्रण राहिला आणि रोज घ्यायच्या गोळ्या मागं लागल्या. कॅल्शियमच्या. जन्मभर चुकवायच्या नाहीत, असं तिथल्या बाईंनी बजावलं होतं. चार महिन्यांनी गोळ्या संपल्या. मुंजाजीला म्हटलं, आणा. तो म्हणाला, "गाठ गेली ना? आता काय चरायला पाहिजे तुला?" आठ दिवसांनी कालवणात मीठ जास्त पडलं. त्यानं बैलाचा आसूड काढला. तीन फटके बसले, चौथ्याला हात उचलला आणि तेवढ्यात माझी बोटं ओढली गेली. मी रडत होते, धापा टाकत होते, आणि दोन्ही हात आपोआप तसे झाले. लिंबाईसारखे.

"लिंबाई!" सोजरबाई किंचाळली. "मुंज्या, टाक तो आसूड! लिंबाई आली!"

मुंजाजीनं आसूड टाकला आणि मातीत आडवा झाला. त्या दिवसापासून तो मला आई म्हणू लागला. आई, जेवून घ्या. आई, पाणी तापलंय. तो ओसरीवर झोपायला गेला. नवरा बायकोला आई म्हणतो हे ऐकून किळस येते ना? मलाही यायची. पण पाठीवरचे वळ बुजले होते. गरम भाकरी आधी माझ्या ताटात पडत होती. किळस गिळता येते. आसूड गिळता येत नाही.

मी सांगते आहे तो शुक्रवार पौषातला, तेवीस वर्षांपूर्वीचा.

गुरुवारपासून मला उपाशी ठेवलं होतं. न्हाणीत गार पाण्यानं अंघोळ करून मी ओल्या लुगड्यात उभी होते, तेवढ्यात परसाच्या कुडातून आवाज आला.

"अनसूया! इकडं ये. पटकन."

खंदारे सिस्टर. आमच्या उपकेंद्राची नर्स. गावात मला पूर्ण नावानं हाक मारणारी ती एकटी. तिला आमच्या घरात उंबऱ्याच्या आत घेत नसत. अंगणात बसवून वेगळ्या कपात चहा देत, आणि तो कप गोठ्याच्या खुंटीला टांगलेला असे. गावातल्या अर्ध्या लेकरांच्या नाळा तिनं कापल्या होत्या. नाळ कापताना विटाळ नव्हता. चहाच्या वेळी होता.

"ध्रुपदाबाईच्या सुनेचं लेकरू," ती धापा टाकत म्हणाली. "कालिंदाचं. तीन महिन्यांचं. कालपासून चारदा आकडी आली. मी तालुक्याला न्या म्हटलं, तर म्हातारी म्हणते आधी लिंबाईला विचारू. आत्ता ते इथं आणतील. तू सांग, दवाखान्यात न्या म्हणून."

"मी कशी सांगू?"

"तोंडानं! कुणाची म्हैस कुठं हरवली ते सांगतेस की."

"ते आत्या सांगतात. माझा गळा बंद होतो त्या वेळी. शब्द निघत नाही, नुसती शीळ निघते. आत्या म्हणतात ती देवीची भाषा."

सिस्टरनं कूड धरला. "गळा बंद होतो? कधीपासून?"

"चार-पाच महिने."

"बाई, एखाद्या शुक्रवारी तिथंच पाटावर मरशील तू. श्वासाची नळीच आवळते ती. मी दर महिन्याला गोळ्या पाठवते त्या घेतेस ना?"

मी घराच्या दिशेनं बघितलं, सोजरबाईच्या चुलीकडे. सिस्टरनं काय समजायचं ते समजून घेतलं.

"तुझ्या सासूला एकदा पोलिसातच देते," ती पुटपुटली.

"लेकराचे हात कसे होतात?" मी विचारलं.

तिनं आपला हात पुढे केला. अंगठा तळव्यात. चार बोटं ताठ. मनगट आत.

"तुझ्यासारखे," ती म्हणाली. "म्हणून तर तुझ्याकडं आले. ताप नाही, काही नाही. लेकराच्या अंगात कॅल्शियम नाही, माझी खात्री आहे. तीन महिने अंधाऱ्या खोलीत कोंडलंय दोघांना. त्या पोरीला खायला काय, तर भाकरी आणि खोबरं. दूध दिलं तर लेकराला खोकला होतो म्हणे!"

"कोण हाय तिकडं?" सोजरबाई राखेचे हात घेऊन परसात आली. "सिस्टर? मागल्या दारानं कशाला शिरल्या? देवीचं सोवळं हाय आज."

"मी शिवले नाही तिला."

"शिवायची वाट बघू का मग? चला, निघा."

सिस्टर निघाली, पण जाताना माझ्याकडे बघत गेली. सोजरबाईनं मला न्हाणीत ओढलं. "काय म्हणत होती?" मी सांगितलं. ती खाली बसली. माझे पाय पुसता पुसता हळू आवाजात बोलू लागली.

"खबरदार. देवीनंच दवाखाना दाखवला तर देवी कशाला लागती? उद्यापासून तुझ्या पाया कोण पडंल? आन् देवी गेली की मुंज्याचा आसूड हाय. तुला ठावं हाय, मलाबी ठावं हाय." तिनं आपला उजवा हात माझ्यापुढं धरला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मागच्या बाजूला वाकडं होतं. "त्याच्या बापानं मोडली. उखळावर ठिवून. मला न्हाई आली देवी. तुला आली. नीट संभाळ."

माझ्या सासूनं माझ्याशी एवढं मायेनं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

हलगी सुरू झाली. अंगण भरलं. मला पाटावर बसवलं, गळ्याच्या व्रणावर झेंडूची माळ घातली, धूप नाकाखाली धरला. "घुम," सोजरबाई कानात म्हणाली. घुमायचं म्हणजे जोरजोरानं श्वास घ्यायचा. हूं, हूं, हूं, थांबायचं नाही. आधी ओठांभोवती मुंग्या. मग बोटांच्या टोकांत. मग पोटऱ्यांत गोळे. मग बोटं आपली आपण एकमेकांना चिकटत, जणू कुणी आतून दोरी ओढतंय. लोकांना वाटायचं मी शुद्धीवर नसते. मी पूर्ण शुद्धीवर असायची. कोण खोकतंय, कोण कुणाच्या सुनेकडे बघतंय, सगळं दिसायचं. हात खरे वळायचे. बाकी सगळं खोटं होतं.

त्या दिवशी पहिला मान ध्रुपदाबाईचा होता. तिनं कालिंदाला पुढे ढकललं. एकोणीस-वीस वर्षांची पोर. तोंडावर रक्त नाही. पोटाशी फडक्यातलं लेकरू.

"आई," ध्रुपदाबाई ओरडली, "लेकराला कुणाची नजर लागली? कुणी केलं?"

कालिंदानं लेकरू माझ्या पायापाशी, त्या परातीशेजारी ठेवलं. आणि तेवढ्यात त्याला आकडी आली. आधी ओठ थरथरले. डोळे वर गेले. मग एवढेसे हात, माझ्या अंगठ्याएवढं मनगट, आत मुडपलं गेलं. ताठ चार बोटं. भेंडीच्या कोवळ्या शेंगांसारखी.

"बघा, बघा! लिंबाईचे हात!" कुणीतरी ओरडलं. "लेकराच्या अंगात आली!"

लोकांनी त्या लेकरालाही हात जोडले. तीन महिन्यांचं लेकरू काळंनिळं पडत होतं आणि ह्यांचे हात जोडलेले.

मी जीव एकवटून 'दवाखाना' म्हणायला तोंड उघडलं. गळा आवळला होता. कोंबड्याची मान पिरगळताना निघतो तसा आवाज निघाला.

"देवी बोलली," सोजरबाई म्हणाली. "पाच शुक्रवार. लिंबाचा पाला उशाला, परातीचं तीर्थ लेकराच्या तोंडात. पाचव्या शुक्रवारी उतारा पडंल."

"पाच?" कालिंदाच्या तोंडून निघालं. "पाच शुक्रवार जगंल का वो ते?"

"गप! देवीपुढं तोंड चालवतीस?" ध्रुपदाबाईनं तिच्या पाठीत धपाटा घातला आणि परातीतलं पाणी चमच्यात घेतलं. माझ्या चिखल्यांचं पाणी. लेकराच्या तोंडाकडे.

"थांबा!"

सिस्टर गर्दीतून आत घुसली. हातात रक्तदाब बघायचं यंत्र. तिनं आधी तो चमचा उडवला. लेकराला कुशीवर केलं, तोंड पुसलं. आकडी ओसरत होती. मग माझ्याजवळ बसली. "श्वास सावकाश घे," माझ्या कानात म्हणाली. मी घेतला. थोड्या वेळात माझी बोटं सैल पडली. नेहमीच पडत. लोक म्हणत, देवी गेली.

"गेली ना देवी?" सिस्टर सगळ्यांना म्हणाली. "आता मी आणते. ना हलगी, ना धूप. बघा."

"ए, शिवू नको तिला!" मुंजाजी पुढं आला.

"शिवले. आता काय करतोस?"

तिनं माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, रबरी फुगा दाबत गेली आणि हवा न सोडता घट्ट धरून ठेवली. दंड फुटेल असं वाटलं. अंगण बघत होतं. मिनिट, दोन मिनिटं. मी शांत बसलेली, श्वास शांत. आणि तिसऱ्या मिनिटाला तो एकच हात मनगटापासून वळला. अंगठा आत, चार बोटं ताठ. दुसरा हात तसाच सैल मांडीवर.

"हे बघा!" सिस्टर उभी राहिली. "लिंबाई रबराच्या फुग्यानं येते. ही देवी नाही. हिच्या रक्तात कॅल्शियम कमी आहे. दंड आवळला की हात वळतो. त्या लेकराचं तेच झालंय. आणखी बघायचंय? सोजरबाई, द्या तुमचा हात!"

तिनं खरंच पट्टा सोडवला आणि सोजरबाईच्या दंडाला लावला. तीन मिनिटं. सोजरबाई "मेले, मेले" करत राहिली, पण हात सरळच.

"बघितलंत?" सिस्टर म्हणाली. तिच्या तोंडावर घाम होता. मला वाटलं, संपलं. आता हे लोक थुंकतील माझ्यावर. खरं सांगते, मला बरं वाटलं.

मागून एक म्हातारा बोलला, "म्हंजी पट्टा बांधला तरी सोजरीच्या अंगात येत न्हाई. अनसाच्याच अंगात येती. यंत्रानं शाबित झालं की वो!"

अंगणात एकच गलका झाला. एका बाईनं पुढं येऊन त्या यंत्राला हळदकुंकू लावलं. काचेवर कुंकवाचं बोट. दुसरीनं फूल वाहिलं. तिसरी म्हणाली, "सिस्टर शिवली म्हणून देवी रागानं आली, एका हातातच आली बघा." हे दोन्ही एकाच वेळी खरं मानायला कुणाला काही अडचण नव्हती.

सिस्टर यंत्राकडं बघत उभी राहिली. तिच्या ओठांवर शिवी आली होती, ती तिनं दिली नाही. मी असते तर दिली असती.

मी पाटावरून उठले. हात सुटला होता, गळा मोकळा होता. "ध्रुपदामामी," मी माझ्या आवाजात म्हणाले, "लेकराला आत्ताच्या आत्ता तालुक्याला न्या."

ध्रुपदाबाईनं माझ्याकडं अशी नजर टाकली, जशी कामवालीनं मध्येच तोंड घातल्यावर टाकतात.

"हे तू सांगतीस का लिंबाई?"

"मी. अनसा."

"मग तू गप. देवी पाच शुक्रवार म्हणली."

मी कालिंदाकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत होती. त्या अंगणात अडीचशे माणसं होती आणि माणसासारखं बघणारी ती एकटी. लेकराचे ओठ पुन्हा थरथरायला लागले होते.

मी खाली वाकले, लेकरू उचललं आणि छातीशी धरलं. दोन्ही हात त्याच्याभोवती घातले. आणि मग घुमायला लागले. हूं, हूं, हूं. हलगी नव्हती, धूप नव्हता. जेवढी हवा ओढता येईल तेवढी ओढली. मुंग्या आल्या. बोटं वळली. मनगटं वळली. हात लेकराभोवती कुलूप लागावं तसे बसले. आता मला स्वतःलाही ते सोडता आले नसते.

"आली! लिंबाई आली!"

मी चालायला लागले. पोटऱ्यांत गोळे, पाय काठीसारखे, पण चालले. ध्रुपदाबाईनं हात पुढं केला तर चार जणांनी तिलाच मागं ओढलं. "देवी अंगात असताना शिवती व्हय? कोढ फुटंल!" हलगीवाला गोंधळला आणि सवयीनं वाजवायला लागला. मी पुढं, मागं हलगी, मागं अडीचशे माणसं, भंडारा उधळत. आयुष्यात पहिल्यांदा त्या गावानं एक आजारी लेकरू वेळेवर दवाखान्याकडं नेलं, ते असं. वाजतगाजत.

रस्त्यावर काळीपिवळी जीप उभी होती. मी आत शिरले. सिस्टर आणि कालिंदा माझ्या मागं. सोजरबाई "देवीला एकटं कसं सोडू?" म्हणत चढली. मुंजाजी मागं लटकला. ड्रायव्हर विचारणार होता कुठं, पण मला बघून त्यानं हात जोडले आणि गाडी सोडली.

त्या पंधरा किलोमीटरचं मला तुटक आठवतं. लेकरू माझ्या छातीवर आवळत होतं, सुटत होतं, आवळत होतं. मी घुमणं थांबवलं होतं, पण या वेळी हात सुटेनात. गळाही सुटेना. शीळ येत होती. सिस्टर माझ्या कानाशी ओरडत होती, "हळू! नाकानं! हळू!" डोळ्यांपुढं काळं आलं. शेवटी कालिंदाचा आवाज ऐकला, "बाई, सोडू नका वो त्याला."

तालुक्याच्या दवाखान्यात माझ्या हातांतून लेकरू काढायला तिघं लागले.

तरुण डॉक्टर होता, दाढी वाढलेली. त्यानं बाळाच्या डोक्याच्या शिरेत सुई घातली. छातीवर नळी ठेवून ठोके ऐकत होता आणि औषध इतकं सावकाश सोडत होता, की ध्रुपदाबाई असती तर ओरडली असती. कालिंदा भिंतीला टेकून उभी. थोड्या वेळानं लेकराचा अंगठा तळव्यातून बाहेर आला. मग मूठ उघडली. मग ते रडलं. भुकेचं, रागाचं, चांगलं मोठ्यानं.

"अंधारात ठेवलं होतं?" डॉक्टरनं विचारलं.

कालिंदानं मान डोलावली.

"कॅल्शियम अंगी लावणारं ड जीवनसत्त्व उन्हातून मिळतं. ते आईच्या अंगात नाही तर दुधात कुठून, आणि दुधात नाही तर ह्याच्यात कुठून? उन्हात बसायचं. दोघांनी. आणि तुझ्या ताटात दूध, नाचणी, भाजी. खोकला होत नाही त्यानं. कोण म्हणतं त्याला माझ्याकडं पाठव." मग माझ्याकडं वळला. "आता ह्या."

मला आधी सुईनं, मग बाटलीतून कॅल्शियम सुरू केलं. घशातून, छातीतून ऊन पाणी सोडल्यासारखं वाटलं. आधी गळा सुटला. मी श्वास घेतला तो आतपर्यंत गेला. हात अजून वळलेलेच होते.

"गळ्यातल्या थायरॉइडमागं तुरीच्या डाळीएवढ्या चार ग्रंथी असतात," डॉक्टर सिस्टरला नव्हे, मला सांगत होता. "रक्तातलं कॅल्शियम त्या राखतात. तुमच्या त्या गाठीबरोबर गेल्या असणार. कॅल्शियम नुसतं हाडांत नसतं, बाई. रक्तात चिमूटभर असतं, आणि नसांना लगाम घालतं ते तेवढं चिमूटभर. ते उतरलं की हात, गळा, मेंदू, सगळं बेलगाम. अजून थोडा उशीर झाला असता तर तुमचा श्वास बंद पडला असता. गोळ्या कुणी बंद केल्या?"

"ही," सिस्टरनं सोजरबाईकडं बोट केलं. "दर महिन्याला भांडून, सह्या करून मी इथून गोळ्या नेते. आणि ही म्हातारी सुनेला घेऊ देत नाही. देवी चालवायची आहे ना घरात!"

सोजरबाई कोपऱ्यात उकिडवी बसली होती. नुसती माझ्याकडं बघत राहिली. मी गप्प बसले असते तर निभावलं असतं. सकाळी परसात डोळ्यांनी खोटं बोलले होते, तसंच.

"मी," मी म्हणाले.

"काय मी?"

"मीच टाकत होते गोळ्या. दीड वर्ष. ह्यांनी कधी अडवलं नाही. मी पाकिटं फोडून उकिरड्यात टाकत होते. शुक्रवार जवळ आला की जास्तच जपून."

तेवढ्यात सोजरबाई बोलली, खाली बघत.

"उकिरड्यातनं मी येचून आणायची. पत्र्याच्या डब्यात हायत सगळ्या. मला पयल्या महिन्यापासनं ठावं हाय."

"ठाऊक होतं? आणि तुम्ही गप्प?"

"आमच्या घरात मार न खाणारी बाई म्या कधी बघितली नव्हती," सोजरबाई म्हणाली. "म्हणलं, चालू द्या."

"आणि लेकरू मेलं असतं म्हणजे?" सिस्टर माझ्याकडं बघून म्हणाली, सोजरबाईकडं नाही. "तुझ्या त्या परातीशेजारी? तुला माहीत होतं, अनसूया. सगळ्या अंगणात तुला एकटीला माहीत होतं त्याला काय झालंय."



तिनं माझ्या खाटेवर ठेवलेला आपला हात उचलला आणि पदराला पुसला. आधी तळवा, मग मागची बाजू, मग एकेक बोट. आम्ही तिचा कप गोठ्यात टांगला होता. तिनं आमचा स्पर्श पुसून टाकला, तोही सगळ्यांसमोर, आणि तिचं बरोबर होतं. मग ती लेकराजवळ जाऊन बसली.

तेव्हा मला दारात मुंजाजी दिसला. किती वेळ उभा होता कोण जाणे. हात अजून जोडलेले, पाठ वाकलेली, कपाळाला भंडारा. दीड वर्ष तो माझ्यापुढं असाच उभा राहायचा. त्यानं सगळं ऐकलं होतं.

बाटलीतलं औषध थेंबाथेंबानं उतरत होतं. माझ्या हाताचा अंगठा तळव्यातून बाहेर आला. मुंजाजीनं जोडलेले हात खाली घेतले. माझी तर्जनी सुटली, मधलं बोट सुटलं. त्याची पाठ सरळ झाली. माझं मनगट वर आलं. त्यानं बाहीनं कपाळावरचा भंडारा पुसला. हात पूर्ण मोकळा झाला तेव्हा तो चौकटीएवढा उंच झाला होता.

"अनसे," तो म्हणाला. दीड वर्षानं माझं नाव त्याच्या तोंडात आलं. "ऊठ. घरी चल."

सोजरबाईनं आपली मोडकी बोटं पदराआड घेतली.

डॉक्टरनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग बाटलीकडं. "अर्ध्याहून जास्त बाकी आहे," तो मला म्हणाला. "घरच्यांना घाई दिसतेय. काढू का?"

"नका काढू," मी म्हणाले. "सगळी जाऊ द्या."